जिप्सीचा अ‍ॅव्हरेज पडला, पिकअप गेला: कार्बोरेटर खोलण्याआधी काय बघायचं

सोलापुरात मार्च सरत आला की ही तक्रार सुरू होते. गाडी लिटरला दहा-साडेदहा द्यायची, ती आठवर आली. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्यावर निघायची, आता दुसरा टाकावा लागतो. गॅरेजला नेली की कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून धुतात, प्लग बदलतात, स्लो (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) वाढवून देतात. पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी) गाडी असेल तर कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर सफाई होते, एवढाच फरक.

पेट्रोल फोर बाय फोरमध्ये (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीत), त्यातही मारुती जिप्सीत, अ‍ॅव्हरेज पडण्याचं कारण बऱ्याचदा इंजिनाच्या बाहेर असतं: चाकात, हबमध्ये, टायरमध्ये, नाहीतर काढून फेकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप). म्हणून कार्बोरेटर सर्वात शेवटी. त्याला एकदा हात लागला की मूळ दोष कुठला आणि आपण नवा कुठला घातला हे कळायची सोय राहत नाही.

पुढचं सगळं १२९८ सीसीच्या जिप्सीला धरून लिहिलंय, कार्बोरेटरवाली आणि १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय अशा दोन्हींसाठी. इतर पेट्रोल फोर बाय फोरला तपासण्याचा क्रम हाच चालतो, आकडे मात्र त्या त्या गाडीचे घ्या.

आधी मोजमाप नीट करा

"पाचशेचं टाकलं, अमुक किलोमीटर गेली" हे मोजमाप नव्हे. टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा, नोझल पुन्हा दाबून काठोकाठ करू नका. किमान २०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. जिप्सीची टाकी ४० लिटरची. भरताना दोन लिटरची चूक झाली तरी २० लिटरच्या हिशोबात दहा टक्क्यांचा घोळ होतो. असं सलग तीनदा करून सरासरी काढा.

आता टायर. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर भरतो. बऱ्याच गाड्यांवर २३५/७५ चढवलेले असतात, त्यांचा व्यास ७३३. हा जवळजवळ दहा टक्के मोठा. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी ११० गेलेली असते. म्हणजे तुमच्या हिशोबातले ९ खरे ९.९ आहेत, अ‍ॅव्हरेज तेवढा पडलेलाच नाही. २१५/७५ असतील तर फरक पाच टक्क्यांचा. खात्री करायची तर पुणे रस्त्यावर किलोमीटरचे दगड बघत वीस किलोमीटर जा आणि मीटरशी ताडून बघा. अर्थात मोठा टायर पिकअप खातो ते खरंच. सगळे गिअर दहा टक्क्यांनी लांब होतात, त्यामुळे घाटात दुसरा टाकावा लागणं हा इंजिनाचा दोष नसून टायरचा हिशोब असू शकतो.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. सोलापूरहून पुण्याकडे जाताना तो समोरून येतो आणि जिप्सीचा आकार पडला खोक्यासारखा. एकाच बाजूचा आकडा धरला तर जाताना गाडी बिघडलेली वाटेल आणि येताना दुरुस्त झालेली. तुळजापूरचंही तसंच, वर जातानाचा अ‍ॅव्हरेज उतरतानाच्या बरोबर मिळवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वेगाचं गणितही डोक्यात असू द्या: ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. नव्या सिमेंटच्या रस्त्यावर शंभरने जायची सवय लागली आणि अ‍ॅव्हरेज गेला, अशी उदाहरणं कमी नाहीत.

इथेनॉलच्या वाट्याचं किती

आपला उसाचा जिल्हा, त्यामुळे कट्ट्यावर सगळं खापर इथेनॉलवर फुटतं. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट येणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटच धरली होती.

हिशोब करा. १०.५ चे सात टक्के गेले तर ९.८ राहतात. तुमची गाडी ८ देत असेल तर उरलेले पावणेदोन दुसरीकडे गळताहेत, ते इथेनॉलच्या नावावर टाकून मोकळं होऊ नका.

पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २७-२८ मिलीपर्यंत आला तर पेट्रोल वीस टक्क्यांचं आहे. हे उघड्यावर, सावलीत करा, जवळ विडी-सिगारेट नको. थराची पातळी त्याहून फार वेगळी आली तर पंप बदलून बघा. तोच प्रकार पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की होतो. पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळं बसतं, सकाळी इंजिन तेच ओढतं आणि मिसिंग करतं, म्हणजे अडखळतं. टाकीच्या झाकणाचं रबर आणि भरण्याच्या नळीचा क्लॅम्प बघून घ्या.

गाडी मोकळी धावते का

सगळ्यात जास्त सापडतं ते इथं, आणि सगळ्यात कमी बघितलं जातं तेही इथंच.

सकाळी वारा नसताना शहराबाहेर पडा, हिप्परगा तलावाच्या पुढे दहा-बारा किलोमीटर जा. शेवटचे दोन किलोमीटर ब्रेकला पाय लावू नका. गिअर काढून गाडी आपोआप थांबू द्या आणि लगेच उतरून चारही रिमना तळहाताची मागची बाजू लावा. चारही सारखे कोमट हवेत. एखादा रिम हात ठेववत नाही इतका तापला असेल तर ते चाक ब्रेक धरतंय, नाहीतर त्याचं बेअरिंग गेलंय.

मग ते चाक जॅकवर घ्या. बाकी चाकांना दगड लावा आणि काळ्या मातीवर जॅक कधीच लावू नका, खाली फळी हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. हाताने चाक फिरवा. पुढच्या डिस्कला पॅड हलके घासल्याचा आवाज चालतो, पण चाक दोन-तीन फेरे तरी फिरलं पाहिजे. अडत असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, पाव फेरा उघडा. तेल पिचकारीसारखं आलं आणि चाक मोकळं झालं, तर दोष कॅलिपरात नाही. ब्रेकचं रबरी होज आतून फुगलंय किंवा मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाहीये. जुन्या होजचं आतलं रबर सुटून झडपेसारखं वागतं: पेडल दाबलं की तेल पुढे जातं, सोडलं की परत येत नाही. बाहेरून होज नव्यासारखं दिसतं, म्हणून चार-चार महिने कॅलिपर बदलत बसतात. निपल उघडूनही चाक अडलेलंच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. चेसिसचं पिवळं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तीच वेळ. मागे ड्रममध्ये काळ्या मातीचा गाळ वाळून विटेसारखा बसतो. पावसाळ्यात रानात जाणाऱ्या गाडीचे ड्रम दिवाळीआधी उघडून घासून घ्या, हँडब्रेकची केबलही त्याच वेळी बघा.

ब्लीडर उघडला असेल तर नंतर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.

आता फोर बाय फोरची खास दुखणी. जिप्सीत मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही. ४एच (चारही चाकांची ड्राइव्ह) टाकलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते त्यांना मिळत नाही. मातीत चाक थोडं घसरून मोकळं होतं, डांबरावर घसरायला जागा नसते, त्यामुळे पीळ ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत) साठत जातो. रानातून डांबरावर आल्यावर लिव्हर २एचला (फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हला) ओढलं तरी कधी कधी आतलं दातं सुटत नाही, कारण त्या पिळाने ते धरून ठेवलेलं असतं. डॅशवरचा दिवा बिघडलेला असला तर पत्ताच लागत नाही. गाडी सरळ दोन-तीन मीटर मागे घ्या, पीळ सुटतो, मग लिव्हर ओढा. स्टिअरिंग जड, वळताना टायर कुरकुरतात, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी, अशी लक्षणं असली तर दुसरं काही बघायच्या आधी हे करा.

पुढच्या हबची (चाकाचा मधला भाग) चाक आतल्या शाफ्टपासून सोडवणारी फिरकी हाताने 'फ्री'वर आणायची असते, दोन्ही बाजूंना. एक पूर्ण फिरली आणि दुसरी चिखलामुळे अर्ध्यावर अडकली, हे नेहमीचं. लिव्हर २एचला ठेवून पुढचं एकेक चाक जॅकवर उचला आणि फिरवा. हब फ्री असेल तर आतला शाफ्ट फिरायला नको. शाफ्ट चाकाबरोबर फिरतोय याचा अर्थ पुढचा डिफरेन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्यातलं घट्ट ऑइल हे सगळं इंजिन विनाकारण ओढतंय. महिन्यातून एकदा मात्र हब लॉक करून कच्च्या रस्त्यावर थोडी चालवा, नाहीतर पुढच्या डिफरेन्शियलच्या वरच्या भागांना ऑइल मिळत नाही आणि हबही जाम होतो.

टायरची हवा मऊ मातीसाठी कमी केली आणि परत भरली नाही, हे सांगायची गरज पडू नये. तरी पडते.

थर्मोस्टॅट काढून टाकलाय का

"आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?" असं म्हणून तो काढून टाकायची जुनी खोड आहे. गाडी गरम होत होती, थर्मोस्टॅट काढला, काटा खाली आला, प्रश्न मिटला असं वाटतं. मिटलेला नसतो. थर्मोस्टॅट नसला की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं. हायवेवर, त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. एमपीएफआय गाडीत ईसीयूला (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर) इंजिन अजून थंड दिसतं, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो. कार्बोरेटरवाल्या गाडीत पेट्रोल मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) भिंतीवर थेंब होऊन बसतं. दोन्हीकडे अ‍ॅव्हरेज जातो आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) लवकर झिजतो.

रात्रभर थांबलेली गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून बसा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि मग काही सेकंदांत एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडाच अडकलाय. काढून तपासायचा तर जुन्या पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने टांगून बुडवा (तळाला टेकू देऊ नका), शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस बारीक करा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तोंड उघडायला लागतात, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. पाणी उकळायला लागलं तरी उघडत नसेल तर टाकून द्या. पातेलं नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

आणि गाडी मुळात गरम का होत होती तेही शोधा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. तेच रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की नळ्यांत खवले धरतात. रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

मे महिन्याची दुपार

थोडी ताकद कुठलाही बिघाड नसताना जाते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, इथे हवेचा दाब पाच टक्क्यांनी कमी. बाहेर ४२ अंश असेल तेव्हा २५ अंशांच्या मानाने हवा आणखी पाचेक टक्के विरळ. दोन्ही मिळून किनाऱ्यावरच्या थंड सकाळीपेक्षा दहा टक्के ताकद कमी. हा इंजिनाचा दोष नाही आणि याने अ‍ॅव्हरेजही फारसा पडत नाही. तेव्हा पिकअपची चाचणी सकाळी सहाला घ्या, दुपारी तीनला नाही.

उन्हाळ्याचा दुसरा त्रास कार्बोरेटरवाल्यांना: मोहोळला चहाला थांबलात, वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी लागत नाही. इंजिनाच्या धगीने फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं, इथेनॉलमुळे हे आणखी लवकर होतं. चोक ओढू नका, अ‍ॅक्सिलरेटर पंप केल्यासारखा मारू नका. पेडल तळाला दाबून तसंच धरा आणि सेल्फ मारा. रोजच होत असेल तर कार्बोरेटरखालचं जाड बेकलाइटचं इन्सुलेटर जागेवर आहे का बघा. कुणीतरी त्याच्या जागी नुसतं गॅस्केट कापून बसवलेलं असतं.

हवा आणि ठिणगी

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. एमपीएफआय गाडीत फिल्टर तुंबला तर ताकद जाते, अ‍ॅव्हरेज फारसा जात नाही, कारण हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. कार्बोरेटरवर मात्र तुंबलेला फिल्टर मिश्रण घट्ट करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवतो, आणि थेट पेट्रोल खातो. गळिताच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चालणारी गाडी असेल तर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका, पंधरा दिवसांनी उघडून बघा. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून. कागद फाटला की धूळ थेट लायनरवर.

प्लगचा रंग हायवेवरून येऊन लगेच बंद केलेल्या गाडीचा बघायचा असतो, स्लोवर उभ्या गाडीचा नाही. फिकट तपकिरी बरोबर. कोरडा काळा म्हणजे मिश्रण घट्ट. पांढरा, फोड आल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग जास्त तापतोय. तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. कोडच्या शेवटी ११ असलेल्या प्लगची गॅप १.१ मिलिमीटर असते. जुन्या कार्बोरेटर इंजिनाला ०.७ ते ०.८ लागते, तिथे हा प्लग तसाच बसवला तर लोड आला की मिसिंग. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, प्लग थंड इंजिनवरच काढा-घाला, कॉम्प्रेशन मोजणं तेवढा अपवाद. बोटाने टेकेपर्यंत फिरवा, नव्या वॉशरचा असेल तर पुढे अर्धा फेरा, जुना असेल तर अगदी थोडा.

रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि प्लगच्या वायरींवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर वायर बदला. हात लांब ठेवा.

कार्बोरेटरवाल्या गाडीत एक दोष हमखास निसटतो: डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (टायमिंग, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ, पुढे आणणारा भाग). त्याचा पडदा फाटला की निम्म्या पेडलवर टायमिंग मागे राहतं आणि पेट्रोल वाया जातं. पूर्ण पेडलवर व्हॅक्यूमच नसतो, त्यामुळे चढावरची ओढ तशीच राहते. "घाटात चांगली ओढते, पण हायवेला अ‍ॅव्हरेज देत नाही" असं कुणी म्हणालं की आधी इथं हात घालायचा. त्याची बारीक नळी कार्बोरेटरकडून काढा, तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. हवा सतत येत राहिली तर फाटलाय. टायमिंग लाइट लावताना ही नळी काढायची की नाही आणि किती अंशांवर ठेवायचं हे बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री हुशार असतात, पण पेट्रोल बदललंय, त्यांचे कान जुन्या पेट्रोलवर तयार झालेत.

एमपीएफआय असेल तर

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आधी. स्वस्त आहे आणि खोटं बोलतो. कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध बघा: २० अंशांना साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. गरम इंजिनवर हजारभर ओहम दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन कायम गारठलेलं वाटतंय. मॅप सेन्सरकडे (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) जाणारी रबरी नळी वाकवून भेगा बघा. तिथून बाहेरची हवा शिरली की ईसीयूला इंजिनावर खूप लोड आहे असं वाटतं आणि तो पेट्रोल ओततो.

ऑक्सिजन सेन्सर आणि स्कॅनर लागणारी गाडी असेल तर एररचा कोड नसला तरी लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) वाचा. वीस टक्के इथेनॉलवर तो चार-पाचने, कधी आठपर्यंत वर दिसणं स्वाभाविक आहे. स्लोवर +१५ आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ, तर कुठूनतरी हवा ओढतेय. स्लोवर ठीक आणि लोडवर वाढत जातो, तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. उणे दहाच्या खाली गेला तर इंजेक्टर गळतोय किंवा प्रेशर जास्त आहे.

आता कार्बोरेटर

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर उघडा. पण त्याआधी दोन गोष्टी. एकाला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि स्वतः वरून बघा, थ्रॉटलचा पडदा पूर्ण उभा राहतो का. जाड मॅट, सैल केबल, एवढ्यावरून पिकअप गेलेला असतो. चोकचा पडदाही गरम इंजिनवर पूर्ण उघडला पाहिजे. दुसरं, ऑइलची दांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येतोय आणि पातळी वर गेलीय, तर यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये, उतरतंय. अशी गाडी चालवू नका. पंप बदला, ऑइल बदला.

इंजिन बंद ठेवून पेडल मारल्यावर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची धार जोरात, लगेच यायला हवी. उशिरा किंवा थेंब-थेंब आली तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा कडक झालाय. जुनं रबर इथेनॉलमध्ये टिकत नाही. किट घेताना इथेनॉलला चालणारं आहे का विचारून घ्या, पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदला.

वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर कार्बोरेटर आपोआप पातळ पडतो. निव्वळ पेट्रोलला वजनात १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. ईसीयू हे सावरून घेतो, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) घेत नाही. गाडी पेडल दिल्यावर क्षणभर अडखळते, थंडीत कार्बोरेटरमधून फट्‌ आवाज येतो, प्लग पांढरे पडतात, ही त्याचीच लक्षणं. उपाय मेन जेट चारेक टक्के मोठा, म्हणजे १०० क्रमांकाचा असेल तर १०४-१०५. छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे चार टक्के व्यास म्हणजे आठ टक्के पेट्रोल. याने ओढ परत येते, इंजिन थंड राहतं. अ‍ॅव्हरेज परत येईल ही अपेक्षा ठेवू नका. टाचणी किंवा तांब्याची तार घालून जेट "साफ" केलेला असेल तर त्याचा क्रमांक वाचण्यात अर्थ नाही, नवा घाला.

तरीही ओढत नसेल

चौथ्या गिअरवर चाळीसच्या वेगाने पेडल एकदम दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढा चढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडा. पुस्तकांत स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं, आपल्याकडे दीड इंच वजा करा. काटा साडेपंधरा ते साडेएकोणीसमध्ये स्थिर हवा. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे, टायमिंग बेल्ट एक दात सरकलाय किंवा कुठेतरी हवा ओढतेय. काटा ठरावीक लयीत झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाही. अडीच हजार आरपीएम धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून तुंबलाय.

कॉम्प्रेशन शेवटी. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इग्निशनचं कनेक्शन आणि पेट्रोलचा पुरवठा तोडलेला, बॅटरी पूर्ण चार्ज, पेडल तळाला. हे शेवटचं विसरलं की आकडे उगाच कमी येतात आणि चांगलं इंजिन खोललं जातं. या इंजिनाला १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर नवं, १२ ही खालची मर्यादा, आणि दोन सिलिंडरांत एकापेक्षा जास्त फरक नको. इथल्या उंचीवर तेरा-सव्वातेरा आले तर इंजिन ठणठणीत आहे. एखाद्या सिलिंडरला कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह म्हणून हेड उतरवण्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) गॅप मोजा, फार घट्ट टॅपेटमुळे गरम इंजिनवर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. हे तासाभराचं काम आहे, हेड उतरवणं दोन दिवसांचं.

यातलं एका वेळी एकच बदला आणि टाकी भरून मोजा. प्लग, फिल्टर, जेट, टायमिंग सगळं एका दिवशी केलं तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.